पाळकसाहेब निवडायला बसत तेव्हा

"देवानं हाक दुसऱ्याच कोनाले मारली असंन," पाळकसाहेब म्हणाले, "अन् ओ मी देल्ली."

"मंग हे आता कायले सांगून राह्यले?" हा पाळकीणबाईंचा आवाज. "लग्नाच्या आंधी सांगाचं होतं. माह्या बापानं माह्यासाठी एक तलाठी पाहून ठेवला होता."

मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर उभी होते. आईनं अंबाडीची भाजी पाठवली होती आणि भांडं इतकं गरम होतं की पदराची घडी करून मी ते दोन्ही हातांनी धरलं होतं. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये हे नागपूरच्या इंग्रजी शाळेत मला पक्कं शिकवलं होतं. दोन्ही हात भांड्यात गुंतलेले असताना कान कसे झाकायचे, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

आत दोघं लसूण सोलत होते. सालींची चुरचुर ऐकू येत होती.

"थट्टा नाई करून राह्यलो," पाळकसाहेब म्हणाले. "नागपूरले मिशनच्या पुस्तकाच्या दुकानात जागा हाय. तिथल्या साहेबानं दोन खेपा विचारलं. तिथं उपदेश कराचा नाई, काई नाई. गिऱ्हाईक आलं का पुस्तक काढून द्याचं. सोमवारच्या मोटारीनं जातो अन् हो म्हनतो."

"अन् मंडळी?"

"मंडळीले चांगला पाळक भेटन. शिकलेला. ज्याले तिसरा मुद्दा येते."

यावर पाळकीणबाई काही बोलल्या नाहीत, आणि पाळकीणबाई बोलत नाहीत म्हणजे गोष्ट खरी आहे, एवढं मला कळलं. मी भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि मांजर पळावं तशी घरी पळाले.

हे पुसदचं. महाराष्ट्र राज्य होऊन एखादं वर्ष झालं असेल. आमची ख्रिस्ती मंडळी लहान होती: मिशनच्या दवाखान्यातले काही लोक, दोनचार शिक्षक, आणि आसपासच्या गावांतून रविवारी बैलगाडीनं येणारी शेतकरी कुटुंबं. आमचं प्रार्थनेचं देऊळ म्हणजे कवेलूचं छप्पर, मातीच्या भिंती, एका बाजूला पुरुषांची सतरंजी, एका बाजूला बायकांची. माझे बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते आणि मंडळीच्या पंचांपैकी एक होते. मी मिशनच्या मदतीनं नागपूरला बोर्डिंगात शिकले, परीक्षा दिली आणि घरी आले. येताना माझं बोलणं कुठेतरी वाटेत राहिलं असावं, असं सगळ्यांचं मत होतं. "पोट्टी इंग्रजी शाळेत टाकली अन् मुकी करून आनली," असं आमची शेजारीण आईला माझ्यासमोरच म्हणे. मी मुकी आहे म्हटल्यावर बहिरीही असेन असा तिचा हिशेब होता.

मी मुकी नव्हते. मी पाहत होते. घरी परतलेल्या माणसाला दुसरं काम तरी काय असतं?

तर तिसरा मुद्दा. पाळकसाहेब व्यासपीठावर उभे राहिले की त्यांची भाषा बदलायची. एरवी "काहून, कसं काय" म्हणणारा माणूस "हे प्रियजनहो, आजच्या वचनावरून आपण तीन मुद्द्यांचे मनन करणार आहोत" असं सुरू करायचा. पहिला मुद्दा लांबत जायचा. दुसऱ्याशी येईपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम यायचा, डोळे छपराकडे जायचे, आणि मग मधेच एक मोठा श्वास घेऊन ते म्हणायचे, "प्रार्थना करू या." तिसरा मुद्दा काय होता हे पुसदमध्ये कुणालाही माहीत नव्हतं. बाबा म्हणत, तो स्वर्गात गेल्यावर सांगणार असतील, तिथे वेळ पुष्कळ असतो.

नागपूरच्या आमच्या शाळेतले पाद्री फार सुरेख बोलत. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं जागच्या जागी, जशी इस्त्री केलेल्या शर्टाची बटणं. मी ते सगळे उपदेश मन लावून ऐकले आणि त्यातला एकही मला आज आठवत नाही.

पाळकसाहेब व्यासपीठावरून उतरले की त्यांचं खरं काम सुरू होई, आणि ते काम काय आहे हे मला घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी समजलं, कारण ते कामासारखं दिसतच नसे.

ते दुपारी सायकलवरून येत. पुढच्या दारानं नाही; मागच्या. काळा कोट खुंटीला अडकवत आणि सरळ जिथे काही चाललं असेल तिथे जाऊन खाली बसत. कुणी डाळ निवडत असेल तर सुपाची दुसरी बाजू स्वतःकडे ओढत. कुणी कापसातला काडीकचरा काढत असेल तर हातात एक बोंड घेत. शेंगा, लसूण, चिंचा, वाती, काहीही. कसे आहात, प्रार्थना करता का, असलं काही विचारत नसत. नुसते निवडत बसत. समोरच्या माणसाची नजर सुपात, यांची नजर सुपात. आणि थोड्या वेळानं समोरचं माणूस आपण होऊन बोलू लागे.

पाळकसाहेब मधून मधून "हं" म्हणत. त्यांच्या "हं"च्या किती तरी तऱ्हा होत्या. एक "हं" म्हणजे सांग पुढे. एक म्हणजे हे तू मागच्या खेपेलाही सांगितलंस, तरी सांग. एक अगदी खोल होता, तो आला की बायका पदर डोळ्याला लावत.

आता यातली गंमत अशी की त्यांना निवडता मुळीच येत नसे. खडे डाळीत राहायचे आणि डाळ खड्यांत जायची. मंडळीतल्या प्रत्येक घरात हे ठाऊक होतं. ते सायकलवर बसून वळणापलीकडे गेले की आई सूप पुन्हा पुढ्यात घेई आणि म्हणे, "पाळकसाहेबानं निवडलेली हाय, दात सांभाळजा बाप्पा." सगळ्या बायका असंच दुसऱ्यांदा निवडत, आणि त्यांना कुणी कधी सांगितलं नाही.

फक्त एकदा आईनं दुसऱ्यांदा निवडलं नाही. त्या दुपारी मी आत कपडे घडी करत होते आणि ती दोघं ओसरीवर तुरीची डाळ निवडत होती. आई आधी दवाखान्यातल्या दाईबद्दल बोलली, मग महागाईबद्दल, मग आर्णीच्या माझ्या मावशीच्या खोड्यांबद्दल. मग तिनं एका बाळाबद्दल सांगितलं, जे माझ्या आधी जन्मलं होतं आणि पोळ्याच्या दिवशी गेलं होतं. मला एक भाऊ होता हे मला एवढी मोठी झाल्यावर, पडद्याआडून, डाळीच्या आवाजात कळलं. पाळकसाहेबांनी "हं" म्हटलं. ते गेल्यावर आईनं ती डाळ तशीच शिजत टाकली. रात्री जेवताना बाबांच्या दाताखाली खडा आला, बाबांनी आईकडे पाहिलं आणि खडा गुपचूप ताटाच्या कडेला ठेवला.

माझ्याजवळही ते एकदा बसले होते. घरात कुणी नव्हतं, मी ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी कोट काढला, समोर बसले, सोलू लागले. मला वाटलं, आता विचारतील: पुढे काय करणार? नर्स होणार की मास्तरीण? आमच्याकडे मुलीला हे दोनच प्रश्न विचारत, आणि विचारणारा उत्तरासाठी थांबत नसे. त्यांनी काहीच विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. ढीग संपला. ते उठले, कोट घातला आणि म्हणाले, "बरं झालं. शेंगा तरी झाल्या."

एवढंच. पण घरी आल्यापासून मला प्रश्न न विचारणारा तो पहिला मोठा माणूस होता, हे मी ध्यानात ठेवलं.

पंचांमध्ये एक निवृत्त हवालदार होते. मिशा मोठ्या, मन चांगलं, आवाज कवायतीचा. पाळकसाहेबांचं हे बसणं त्यांना अजिबात पसंत नव्हतं. गावाबाहेरच्या तांड्यावर एका म्हाताऱ्या बंजारा बाईची म्हैस मेली, तेव्हा पाळकसाहेब तिच्याकडे अख्खी दुपार बसून आले. हवालदारसाहेब देवळासमोरच कडाडले.

"मानसाच्या मयतीले बसाले जातेत, हे मले मालूम हाय. म्हशीच्या मयतीले पाळक जाते, हे मी अख्ख्या नोकरीत नाई पाह्यलं! अन् ती बाई आपल्या मंडळीची बी नाई."

"म्हैस गेल्यावर तिच्या घरी बोलाले कोनी उरलंच नव्हतं, हवालदारसाहेब," पाळकसाहेब म्हणाले.

"मंग तुमी काय बोलले?"

"मी काई नाई बोललो. तिच्या गवऱ्या रचू लागलो."

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि आकाशाकडे पाहिलं. वर कुणीतरी नोंद घेत असेल अशी त्यांची आशा असावी.

तर मी मागच्या दाराशी जे ऐकलं, ते कुणालाही सांगितलं नाही. सांगण्याची गरजही पडली नाही. दुसऱ्याच दिवशी पाळकीणबाई आमच्याकडे आल्या आणि आईला म्हणाल्या, "तुमालेच सांगतो वं, कोनाले सांगू नोका." आईनं फक्त बाबांना सांगितलं. बाबांनी फक्त हवालदारसाहेबांना. संध्याकाळपर्यंत पुसदच्या मंडळीत हे अजून गुपितच आहे असं समजणारा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे पाळकसाहेब.

आणि तेव्हा मी एक नवल पाहिलं. ज्या हवालदारांनी वर्षभर त्यांच्या नावानं खडे फोडले, तेच आमच्या ओसरीवर येऊन खांबाला टेकून बसले. चेहरा उतरलेला.

"जाऊ देऊन कसं जमंन?" ते बाबांना म्हणाले. "माही बायको गेली तवा हा मानूस माह्यासंग आठवडाभर वांगे चिरत होता. मले स्वयंपाक येत नव्हता, त्याले बी येत नव्हता."

"मग हेच त्यांना सांगू या ना," बाबा म्हणाले.

"वांग्याचं? पाळकाले वांग्याचं सांगतेत काय?" हवालदार एकदम ताठ झाले. "त्याचं मन उपदेशावरून मोडलं. तर उपदेशाचीच तारीफ कराले पाहिजे. घोड्याले हरभरा, मानसाले तारीफ. या रविवारी कोनी चुकाचं नाई. सगळ्यायनं तारीफ कराची!"

मी आत चहा ओतत होते. मला वाटलं, हे काही खरं नाही. पण मला काय वाटतं ते त्या काळी माझ्या ओठांपर्यंत येईतो चहा निवून जात असे.

मोहीम शनिवारीच सुरू झाली. आमच्या मंडळीत मुठीची चाल होती. प्रत्येक घरची बाई रोज स्वयंपाकाला धान्य काढताना एक मूठ पाळकाच्या नावानं डब्यात टाकी, आणि शनिवारी ते सगळं पाळकीणबाईंकडे जाई: ज्वारी, थोडी तूर, कुणाकडची चण्याची डाळ, सगळ्याची एक भेसळ. त्या शनिवारी बायकांच्या मुठी अचानक मोठ्या झाल्या. पोत्यात मावेना. कुणी भोपळा दिला, कुणी कोंबडी. पाळकसाहेब अंगणात उभे राहून ती कोंबडी पाहत होते. कोंबडीही त्यांना पाहत होती. दोघांनाही काहीतरी वाईट घडणार असं वाटत असावं.

रविवारी त्यांनी उपदेश केला. माझ्या आठवणीतला तो त्यांचा सर्वांत वाईट उपदेश. पहिल्या मुद्द्यातच दोनदा थांबले. दुसऱ्याच्या मधेच छपराकडे पाहिलं आणि एकदम प्रार्थनेला वळले. आणि "आमेन" होतं न होतं तोच लोक दाराशी रांग लावून उभे.

"वा, पाळकसाहेब, वा!" हवालदार सर्वांत पुढे. "काय बोलले! अन् तिसरा मुद्दा तर... काय सांगू! सीधा काळजाले भिडला."

पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर तापात बरळणाऱ्या रोग्याकडे पाहतो.

त्यांच्यामागे बाबा. बाबांना खोटं बोलता येत नसे. ते बराच वेळ हात हातात धरून उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "आवाज आज मागच्या सतरंजीपर्यंत आला."

मग आई. "तुमचं आयकलं का मन असं शांत होते, असं शांत होते, का डोळा कवा लागते समजतच नाई," ती भक्तिभावानं म्हणाली आणि तिच्या मागच्या बाईनं तिला कोपर मारलं.

एकामागून एक सगळे आले. सगळ्यांनी उपदेशाची स्तुती केली. डाळीबद्दल कुणी बोललं नाही, कापसाबद्दल नाही, वांग्यांबद्दल तर नाहीच. त्या गोष्टी इतक्या घरच्या होत्या की त्या देवळाच्या दारात उच्चारायच्या असतात हे कुणाच्या मनातच आलं नाही. रांगेच्या शेवटी मी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर बरं वाटल्याचं दिसलं, कारण त्या रांगेत स्तुती न करणारी मी एकटीच होते.

त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, ते आमच्याकडे आले. पुढच्या दारानं. आई ओसरीवर वाल सोलत होती. तिनं सवयीनं परात थोडी सरकवली. पण ते परातीजवळ आले नाहीत. दवाखान्याचे साहेब आले की त्यांच्यासाठी जी खुर्ची आतून काढतात, तिच्यावर बसले. कोट अंगातच. हात मांडीवर, रिकामे.

"उद्या नागपूरले जातो," ते म्हणाले. "पंचाले सांगाले आलो. तिथं काम भेटून राह्यलं, ते घेतो म्हनतो."

"पण काहून?" आई म्हणाली. "आज एवढा चांगला उपदेश..."

"बाई," पाळकसाहेब हसले, "तुमी झोपल्या होत्या. मले वरून दिसते."

आईनं वाल सोलणं थांबवलं.

"मी रागावून नाई चाललो," ते बाबांना म्हणाले. "उलट आज मोकळा झालो. जित्या मानसाची एवढी स्तुती कोनी करत नाई. मयतीत करतेत. सगळ्यायनं मिळून मले प्रेमानं पोचवून देल्लं, शिदोरी बी बांधून देल्ली. मंडळीले बी समजते, आपल्याले काय पाहिजे ते. आता उगीच कायले बसून राहाचं?"

आई बाबांकडे पाहू लागली, बाबा पाळकसाहेबांच्या कोटाच्या बटणाकडे. मला कळत होतं की आता कुणीतरी खरं सांगायला हवं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि मनात एक वाक्य बांधू लागले. आधी इंग्रजीत बांधलं, कारण मोठी वाक्यं मला तिथेच बांधता यायची. त्यात सेवा होती, त्यात नम्रता होती, माणसाचं दुःख ऐकून घेण्याचं थोर दान होतं. मग ते मराठीत आणायला घेतलं. ते मराठीत आलं तेव्हा अगदी व्यासपीठावरचं वाटू लागलं. "हे प्रियजनहो" एवढंच काय ते राहिलं होतं. आणि मी ते वाक्य पुन्हा उकलत होते तेवढ्यात पाळकसाहेब खुर्चीवरून उठले. त्यांनी कोपऱ्यात टेकवलेली छत्री घेतली. बाबांनी त्यांचा हात हातात घेतला, म्हणजे बाबांनी हार मानली होती.

ते ओसरीच्या पायरीशी पोचले. त्यांचा एक पाय खाली गेला.

आता पायरीवरचा तो पाय आठवला की पुढचं सगळंही त्याच्यासोबतच आठवतं. नागपूरच्या दुकानात पुढे दुसरं कुणी बसलं. सोमवारची मोटार पाळकसाहेबांवाचून गेली. हवालदारांनी त्याचं सगळं श्रेय आपल्या मोहिमेला घेतलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही. त्या संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत वालाच्या परातीपाशी जे बोलणं झालं, ते मी इथे लिहिणार नाही. ते माझं आहे. त्यांनीही ते कधी कुणाला सांगितलं नाही, पाळकीणबाईंनासुद्धा नाही, नाहीतर मला कळलंच असतं.

पण तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. तेव्हा फक्त पायरी होती, छत्री होती, आणि माझ्या सुंदर वाक्याचा कुठे पत्ता नव्हता. मी चौकट सोडली आणि पुढे आले. आई दचकली, कारण चारचौघांत माझा आवाज तिनं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

"पाळकसाहेब, जाऊ नका," मी म्हणाले. "मला एक सांगायचंय, आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मी सांगू शकणार नाही."